विजेचा वापसा
वाशिम

चि. बाळ यास,


तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून सविस्तर लिहितो. डेस्कटॉपवर उबुंटू टाकलंस, चांगलं केलंस. आता मदरबोर्डचं फर्मवेअरही त्यातूनच अपडेट करतो म्हणतोस. कर, पण आधी ऐक.

फर्मवेअर म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. बटण दाबलं की उबुंटूच्या आधी तोच जागा होतो. उबुंटू बिघडलं तर पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकता येतं. हा प्रोग्राम बिघडला तर बहुधा पेनड्राइव्ह वाचायलाही कोणी उरत नाही. धंद्याच्या सुरुवातीला मी एकदा घाईने बायोस, म्हणजे हेच फर्मवेअर, अपडेट करायला बसलो आणि मधेच लाईन गेली. स्क्रीन काळी ती काळीच. शेवटी चिप काढून अकोल्याहून प्रोग्रामरवर लिहून आणली. गिऱ्हाइकासमोर मान खाली गेली ती वेगळीच.

उबुंटूतून हे करायचं हत्यार, एफडब्ल्यूअपडी, चांगलं आहे. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूजेसने २०१५ च्या सुमारास ते आणलं. कंपन्या आपलं फर्मवेअर एलव्हीएफएस नावाच्या भांडारात ठेवतात. हे हत्यार तुझं यंत्र ओळखून, सही तपासून, जुळेल तेच देतं. उबुंटूत ते बहुधा असतंच. नसेल तर ॲप्टने टाक. मग रिफ्रेशने यादी ताजी कर, गेट-डिव्हायसेसने आपल्याकडे काय आहे ते बघ, गेट-अपडेट्सने नवं काय ते वाच. ‘अपडेट’ सगळ्यात शेवटी.

तुझा पीसी असेम्बल केलेला, त्यामुळे यादीत बोर्ड नसेलही. बोर्ड विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथे नाहीत. पण म्हणून दुसऱ्या मॉडेलची फाइल घुसवायची नाही. एसएसडी, वायरलेस माऊसचा रिसीव्हर एवढंच सापडलं तरी पुष्कळ. २०१६ साली अशाच रिसीव्हरमधून दुरून कळा दाबता येतात हे उघड झालं; त्यावर फर्मवेअर बदलणं हा इलाज होता.

बोर्ड सापडलाच, तर रीस्टार्टनंतर उबुंटू यायच्या आधी चिप लिहिली जाते. तेव्हा बटणाला हात लावायचा नाही. यूपीएस किती वेळ टिकतो, ते आदल्या दिवशी प्लग काढून पाहून ठेव. पेरणीला आपण वापसा बघतो, तसा इथे विजेचा बघ. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी राहू दे.

जुनी आवृत्ती कोणती होती, ते आधी वहीत लिही. पोळ्याला तुमच्याकडे कारंज्याला येतोय. ती वही बघेन. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा