शाळेचा विस्तार आणि शेजाऱ्यांचा आक्षेप

जुन्या निवासी वसाहतीतील एखाद्या खाजगी शाळेने विद्यार्थिसंख्या वाढविण्याचा अथवा नवी इमारत उभारण्याचा प्रस्ताव मांडला की शेजारी विरोधात उभे राहतात. सकाळ-दुपारची मोटारींची दाटी, अडलेले अरुंद रस्ते, ध्वनिक्षेपकाचा आवाज आणि बंगल्यांच्या रांगेत विसंगत दिसणारी बहुमजली वास्तू ही त्यामागची नेहमीची कारणे होत. हा विरोध केवळ स्वार्थी आहे असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे असते. अभ्यासकाने मात्र त्याचा कायदेशीर आधार पाहावयास हवा.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची समाविष्ट झाली. नगर नियोजन आणि जमीन वापर व बांधकामाचे नियमन हे तिच्यातील पहिले दोन विषय आहेत. विकास आराखड्यात जमिनीचा वापर एकदा निश्चित झाला की तो प्रशासनाच्या मर्जीवर राहत नाही. बंगळूरमधील राजमहाल विलास विस्तारात सँकी तलावाजवळ उद्यानासाठी राखून ठेवलेली मोकळी जागा एका खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवाशांनी त्यास आव्हान दिले. रुग्णालय कितीही उपयुक्त असले तरी ते उद्यानाची जागा घेऊ शकत नाही आणि अशा निर्णयास आव्हान देण्याचा अधिकार रहिवाशांना आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. येथे जागा शाळेची नव्हती. तरीही शेजाऱ्यांच्या हक्काचा हा निवाडा विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा.

परंतु शाळा मुळातच वैध असेल आणि प्रश्न फक्त तिच्या वाढीचा असेल तर काय करावे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पालो आल्टो शहराचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. १९०७ मध्ये स्थापन झालेली कॅस्टिलेया ही मुलींची खाजगी शाळा तेथील प्रोफेसरव्हिल या ऐतिहासिक वसाहतीच्या लगत आहे. २००० साली नगरपालिकेने दिलेल्या सशर्त परवान्यात ४१५ विद्यार्थिनींची मर्यादा होती. ती ओलांडली गेल्याचे पुढे उघड झाले, दंड झाला, आणि शेजाऱ्यांचा विश्वास उडाला. २०१६ मध्ये शाळेने ५४० विद्यार्थिनींसाठी अर्ज केला. अनेक वर्षांच्या सुनावण्यांनंतर जून २०२२ मध्ये परिषदेने मंजुरी दिली, तीही टप्प्याटप्प्याने. प्रथम ४५०; त्यापुढील प्रत्येक वाढ मोटारींच्या फेऱ्या वाढणार नाहीत या अटीवर अवलंबून. म्हणजे वाद तत्त्वावरून मोजमापावर आला. फेऱ्या मोजता येतात, नाराजी मोजता येत नाही.

आपल्याकडे नेमकी हीच कडी कच्ची आहे. परवानगीच्या वेळी अटी घातल्या जातात. पण त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा बहुधा नसते. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात प्रभाग समित्यांची तरतूद अनुच्छेद २४३ध मध्ये आहे, तिच्याकडे हे काम सोपविता येण्यासारखे आहे.

या प्रश्नाची आणखी एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खाजगी शाळांनी (अल्पसंख्याक शाळा वगळता) पहिल्या इयत्तेच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्यावयाच्या असतात. म्हणजे ‘शेजारी’ या शब्दात बंगल्यांतील रहिवाशांबरोबर मागील वस्तीतील मूलही येते. हे प्रमाण वर्गाच्या संख्येवर ठरत असल्यामुळे पहिलीच्या शंभर जागा ऐंशीवर आणल्या की त्या मुलांच्या जागा पंचवीसवरून वीसवर येतात. सुनावणीत आक्षेप नोंदविणाऱ्यांच्या यादीत त्यांच्या पालकांची नावे सहसा आढळत नाहीत.