वस्त्रदान आणि विवेक



२८ मार्च २०२५ रोजी म्यानमार देशात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. घरेदारे कोसळली, हजारो माणसे प्राणास मुकली. ते वृत्त ऐकून वरच्या वर्गांतील काही मुलेमुली आमच्याकडे आली. तिकडच्या कुटुंबांसाठी कपडे गोळा करावेत, असा त्यांचा आग्रह होता. दोनच दिवसांत शाळेच्या सभागृहात गाठोड्यांची रास पडली. त्या राशीने आम्हांस जे शिकवले, तेच येथे मांडत आहोत.

गाठोडी सोडून निवड करावयास बसलो, तेव्हा आमचा आनंद काहीसा ओसरला. गुंड्या तुटलेले सदरे, जोडी हरवलेले पायमोजे, बगलेत उसवलेली पोलकी आणि लग्नकार्यात एकदाच नेसलेल्या जरीच्या साड्या, असे पुष्कळ काही निघाले. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येते. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरते, शिवण ओढून पाहते आणि मगच पातेले पुढे करते. तिच्यासाठी आपण कपडे धुऊन, घडी घालून ठेवतो. दानाचे मात्र जसेच्या तसे बांधतो. असे का व्हावे? बोहारीण 'नको' म्हणू शकते. आपद्ग्रस्तास ते म्हणता येत नाही, हेच त्याचे उत्तर होय.

त्या गर्दीत एक मुलगी खाली मान घालून परकरांत नाड्या ओवीत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा तिच्या घरात पाणी शिरले होते. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आम्हांला पुरात परकर मिळाले होते, पण एकालाही नाडी नव्हती. आई तो हातात धरून नुसती बसून राहिली होती." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग चारदोन मुली उठल्या आणि सुईदोरा घेऊन गुंड्या लावू लागल्या.

आमच्या कोंकणी घरांत साडीला 'कापड' म्हणतात. शब्द साधा, परंतु नेसणारीची अब्रू त्यात सामावलेली असते. म्हणूनच देण्यापूर्वी घेणाऱ्याचा पेहराव आणि चालीरीती ठाऊक हव्यात. म्यानमारमधील स्त्रीपुरुष लोंग्यी नावाचे लुंगीसारखे वस्त्र नेसतात. आपली जरीची साडी त्यांच्या काय कामाची? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांची माया खोटी नव्हती. विचार तेवढा अपुरा पडला.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जुना कपडा देशांतर करतो तो बहुधा दान म्हणून नव्हे, तर माल म्हणून. आपल्याच गुजरातेत कांडला येथे परदेशांतून वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे येतात, तेथे त्यांची निवड होते आणि त्यांतील पुष्कळसा माल आफ्रिकेकडे रवाना होतो. अशा स्वस्त मालापुढे आपले शिंपी व विणकर टिकावेत, म्हणून रवांडा या देशाने २०१६ मध्ये त्यावरील जकात अनेक पटींनी वाढविली. फुकटचा कपडादेखील कोणाच्या तरी पोटावर पाय आणू शकतो.

मग परदेशी कुटुंबांस साहाय्य करूच नये काय? अवश्य करावे. भारत सरकारने म्यानमारला पाठविलेल्या पहिल्या तुकडीत सुमारे १५ टन साहित्य होते. त्यात तंबू, कांबळी, तयार अन्न आणि पाणी शुद्ध करण्याची साधने होती. गरज आधी आणि वस्तू नंतर, हा क्रम त्यात दिसतो.

हाच धडा महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्वीही गिरविला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेली सुमारे ५,००० पोलिश माणसे १९४३ पासून कोल्हापूरजवळील वळिवडे येथे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. तेथे त्यांना नुसता निवारा लाभला नाही. त्यांच्या भाषेतील शाळा होत्या, त्यांचे प्रार्थनामंदिर होते. संकटातही माणसाला आपल्या रीतीने जगता यावे, हेच खरे साहाय्य होय.

अंशू गुप्ता हे १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपानंतर तेथे गेले, तेव्हा ते विद्यार्थीच होते. पुढे १९९९ मध्ये त्यांनी 'गूंज' ही संस्था उभारली व २०१५ मध्ये त्यांस मॅगसेसे पुरस्कार लाभला. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात, अशी या संस्थेची रीत आहे. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आमच्या राशीचे काय झाले? "मग आपले कपडे म्यानमारला जाणारच नाहीत का?" असे एका लहान मुलाने हिरमुसून विचारले. "नाही," असे आम्हांस सांगावे लागले. धुतलेले, शिवलेले, नाड्या ओवलेले कपडे मुलांनी आपल्याच शहरात, बांधकामावर राबणाऱ्या दाहोदकडील मजूर कुटुंबांना नेऊन दिले. तेही आधी विचारून, ज्याला जे हवे ते त्याला निवडू देऊन.

बालमित्रांनो, पुढे कधी दूरदेशीच्या हाकेला ओ देण्याची वेळ येईल. तेव्हा प्रथम विचारा, "तुम्हांला काय हवे?" आणि कपडाच हवा असेल, तर स्वतः अंगावर घालाल असाच द्या.