मिरचीचा लाल आणि खिशातलं रॉ

भिवापूरच्या वाळत घातलेल्या मिरचीचा फोटो काढून बघा. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात बहुधा नुसता लाल डाग येतो, सुरकुत्या गायब! जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256च पायऱ्या. त्यात कॅमेरा स्वतःच लाल भडक करून उरलेली माहिती फेकतो. 12 बिटच्या रॉ फाइलमध्ये 4096 पायऱ्या असतात.

खिशात मावून रॉ देणारे म्हणजे कॅननचा एस 90 (2009) किंवा मोठ्या सेन्सरचा सोनी आरएक्स 100 (2012). पण मेसचं बिल भरून एवढे पैसे कुठून आणायचे? मग जुना कॅनन पॉवरशॉट शोधा. सीएचडीके हे फुकट सॉफ्टवेअर कार्डावर टाकलं की बऱ्याच मॉडेल्समधून रॉ निघतं. आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते आधी बघा. एक्स्पोजर मात्र जरा कमीच ठेवा. लाल सेन्सरवरच भरून वाहिला, तर रॉमध्येही सुरकुत्या सापडायच्या नाहीत.