लाईट बिलातलं गणित

गुणाकार शिकवायला घरचं लाईट बिल छान साहित्य आहे. १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट, एवढं मुलांना आधी सांगा. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास लावला, तर ६० × ५ × ३० = ९००० वॅट-तास, म्हणजे महिन्याला ९ युनिट. साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी घेतो १.३५ युनिट! पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते.

पालकांनो, महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो. ११० युनिट येत असतील तर असे दोनच बल्ब बदला, महागडे युनिट आधी कमी होतात. संडासातला बल्ब तूर्त राहू द्या, तो लागतोच किती वेळ? सुरुवात स्वयंपाकघरापासून करा.