लवारकांठची वाइन आणि आपला द्राक्ष-बागाइतदार

वाइनची द्राक्षें लावावीं कीं नाहींत, हा प्रश्न पुणें व नाशिक जिल्ह्यांतील बागाइतदारांपुढें वारंवार येतो. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जें पीक लावावयाचें, त्याचा माल शेवटीं कोणाच्या ताटाजवळ जातो, हें लावणारास ठाऊक असणें अवश्य आहे. यासाठीं फ्रान्समधील वूव्रे गांवचें उदाहरण आम्ही घेत आहों. कारण तेथील शेनिन ब्लाँ ही पांढरी जात आतां महाराष्ट्रांतहि लावली जाते.

वूव्रे हें गांव तूर शहराच्या पूर्वेस, लवार नदीच्या उत्तर तीरावर आहे. तेथील मऊ चुनखडीचा दगड कोरून केलेल्या थंड तळघरांत वाइन ठेवितात. १९३६ सालीं कायद्यानें या नांवाची हद्द आंखून दिली. हद्दीबाहेरच्या वाइनला तें नांव लावतां येत नाहीं. तेथें फळ सावकाश, ऑक्टोबरपर्यंत पिकतें. म्हणून गोडी वाढली तरी आंबटपणा टिकतो. हवामान पाहून त्याच फळाची कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, किंवा गोड, किंवा फेसाळ वाइन करितात.

आतां ताट पाहूं. लवारकांठीं कोरड्या वाइनबरोबर नदीचे मासे लोण्याच्या आंबूस कालवणांत खातात. शेजारच्या सेंत-मोर भागांतील शेळीच्या दुधाचें चीजहि तिच्याबरोबर घेतात. याचें कारण उघड आहे. आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतों, तेंच काम वाइनचा आंबटपणा करितो. स्निग्ध पदार्थाचा जडपणा त्यानें कमी होतो. याच न्यायानें आपल्याकडील तळलेली सुरमई, पापलेट, कोथिंबीरवडी यांच्याशीं ही वाइन जुळते. तिखट जेवणाशीं मात्र किंचित् गोड वाइन बरी. गोडीनें तिखटाचा दाह सौम्य होतो, तर तांबड्या वाइनच्या तुरटपणानें तो अधिक जाणवतो. गिऱ्हाइकाची ही आवड कारखानदारास पाहावी लागते, आणि म्हणून कोणतें फळ घ्यावें हेंहि तींतूनच ठरतें.

आपल्या हवेंत वेल हिवाळ्यांत झोपत नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळछाटणी करून जानेवारी ते मार्चपर्यंत फळ काढितात. ऊन वाढूं लागलें म्हणजे साखर चढते, पण आंबटपणा झपाट्यानें उतरतो. सबब केवळ गोडी पाहून तोडणी करूं नये. पांढऱ्या वाइनसाठीं सुमारें २० ते २२ अंश ब्रिक्स साखर पुरते. तिच्याबरोबर आम्लाचें मापहि अवश्य घ्यावें. या जातीचे घड दाट असल्यामुळें अवेळीं पाऊस आल्यास कूज लवकर शिरते. घडाभोंवतीं हवा खेळती ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट विक्रीची. टॉमसन किंवा सोनाका हीं बिनबियांची द्राक्षें एका व्यापाऱ्यानें नाकारलीं तरी दुसरा घेतो, किंवा त्यांचा बेदाणा होतो. शेनिनचा मणी लहान व बियांचा. त्याला बाजारांत खाण्यासाठीं फारसें गिऱ्हाईक नाहीं. २००८ नंतरच्या मंदींत कारखान्यांची खरेदी घटली, तेव्हां नाशिककडील पुष्कळ बागाइतदारांवर वाइनच्या वेली उपटण्याची पाळी आली. म्हणून भाव, तोडणीची वेळ, साखर-आम्लाचें प्रमाण व पैसे देण्याची मुदत यांचा लेखी करार झाल्यावांचून एकहि रोप लावूं नये. जातीविषयीं सल्ला पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून घ्यावा.

‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळालेली आहे. वूव्रेची किंमत तिच्या नांवांत आहे, आणि तें नांव तेथील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकसारखा माल देऊन राखिलें आहे. आपल्या नांवाचें मोलहि आपल्या बागाइतदारांच्याच हातीं आहे.