गिळण्याची अडचण

घांस गिळतांना मनुष्याचें तिकडे लक्षहि नसतें. तरी घशांत दोन वाटा आहेत. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. जीभ घांस मागें लोटते, त्याच क्षणीं श्वासाच्या वाटेवरची झडप मिटते, आणि घांस सुमारें २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेंतून पोटांत उतरतो.

अंगावरून वारें गेलेल्या माणसांत ही व्यवस्था पुष्कळदां बिघडते. अशा आजाऱ्याच्या भेटीस जाणाऱ्या बंधुभगिनींस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, त्याचे ओठ सुकलेले पाहून त्यास निजल्या जागीं चमच्यानें पाणी पाजूं नये. पाणी सर्वांत हलकें असें वाटतें खरें. पण तें वेगानें धावतें, आणि झडप मिटण्यापूर्वींच श्वासाच्या वाटेंत शिरून फुप्फुसांत जातें. त्यानें न्यूमोनिया होतो. ठसका लागला म्हणजे कोणी आठवण काढली, असें आपले लोक हंसून म्हणतात. येथें तो धोक्याची सूचना होय. कित्येकांस तर ठसकाहि येत नाहीं. जेवणानंतर आवाज ओलसर होतो किंवा ताप येतो, एवढेंच. म्हणून वारें जातांच त्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें, आणि तेथें गिळण्याची परीक्षा होईपर्यंत अन्न, पाणी, गोळी, कांहींच तोंडांत घालूं नये.

पुढें परवानगी मिळाली म्हणजे ताठ बसवून लहान घांस द्यावा, पहिला उतरल्यावांचून दुसरा देऊं नये, व जेवणानंतर अर्धा तास निजवूं नये. दाट पेज मानवेल कीं मऊ भात, हें डॉक्टरांनीं ठरवावें. दांत व तोंड मात्र रोज स्वच्छ करावें. तेथील घाण थुंकीबरोबर फुप्फुसांत जाते. पुष्कळांची शक्ति कांहीं आठवड्यांत परत येते.

दुसरा प्रकार निराळा. प्रथम भाकरी छातींत अडकते, मग भात, मग पेजहि, वजन उतरतें. अशा मनुष्यानें, विशेषतः तंबाखू किंवा दारूची संवय असल्यास, काढे घेत दिवस घालवूं नयेत. नलिका अरुंद होण्याचें कारण कधीं आम्लानें पडलेला व्रण, कधीं कर्करोग असतो. दुर्बीण घातल्यावांचून भेद कळत नाहीं. अन्न व पाणी दोन्ही आरंभापासूनच अडकत असल्यास नलिकेच्या खालच्या टोंकाचा स्नायु सैल होत नसण्याचा संभव असतो. १६७४ सालीं टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्यानें अशा एका रोग्याविषयीं लिहिलें आहे. तो देवमाशाच्या हाडाच्या काडीस स्पंज बांधून स्वतःच घांस खालीं ढकली, आणि त्यावर १५ वर्षें जगला! आज तें द्वार फुग्यानें अथवा शस्त्रक्रियेनें मोकळें करितात.

इस्पितळांत जातांना प्रथम काय अडकलें, भाकरी कीं पाणी, आणि तें केव्हांपासून, हें टिपून न्यावें. डॉक्टर पहिल्यानें तेंच विचारतील.