बर्फ थांबल्यानंतर

डिसेंबर ते मार्च या काळात अमेरिकेतून भारतात परतणाऱ्या आई-वडिलांच्या प्रवासात सर्वात कच्चा असतो तो पहिलाच टप्पा: कोलंबस, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग किंवा बफेलोहून शिकागो अथवा न्यूअर्क गाठून देणारे छोटे विमान. पुढची मोठी विमाने उशिरा का होईना, बहुधा उडतात. हे तासा-दीड तासाचे उड्डाण मात्र आधी रद्द होते, कारण विमानतळाची क्षमता घटली की कंपन्या अडीचशे-तीनशे माणसांची लांब पल्ल्याची विमाने वाचवतात आणि पन्नास-सत्तर आसनांची कापतात. घरच्यांचे लक्ष असते आकाशाकडे. किती इंच पडणार, वारा किती, पारा कुठवर उतरणार. ही माहिती उपयोगाची असली तरी अपुरी आहे. बर्फ पडत असताना होतात त्याहून जास्त हाल तो थांबल्यावर होतात, आणि त्या दिवशी काउंटरवरून जे सांगितले जाते ते पडताळून पाहणे घरबसल्या शक्य असते.

बर्फाने विमान नेमके कसे अडते, हे आधी समजून घेतलेले बरे. धावपट्टी साफ करायची तर ती तेवढा वेळ बंद ठेवावी लागते. उरलेल्या धावपट्ट्यांवर तासाला जेवढी विमाने उतरू शकतील तेवढीच यावीत, म्हणून व्हर्जिनियातील वॉरेंटन येथे असलेले फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे नियंत्रण केंद्र बाकीची विमाने जिथे असतील तिथेच रोखून धरते. शिकागोतल्या बर्फापायी ऑर्लँडोच्या निरभ्र आकाशाखाली विमान तासन्‌तास उभे राहते ते यामुळे.

त्यात भर पडते पंखांवर साचलेल्या बर्फाची. १३ जानेवारी १९८२ रोजी एअर फ्लोरिडाचे विमान वॉशिंग्टनहून उडताच पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळले आणि पुलावरच्या माणसांसह ७८ जण मेले. पंखांवरचा बर्फ हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. पंख स्वच्छ असल्याशिवाय उडायचे नाही, या नियमात आता सवलत नाही. आधी गरम, नारिंगी रंगाचे द्रावण मारून साचलेला बर्फ उतरवतात, मग नवा बसू नये म्हणून दाट हिरव्या द्रावणाचा थर देतात. या थराचा असर ठरावीक मिनिटेच टिकतो. रांगेत ती मिनिटे संपली की विमान पुन्हा फवारणीला. खिडकीतून हिरवे ओघळ पाहून घाबरलेल्या आईला हे आधी सांगून ठेवलेले असले तर तिची निम्मी धास्ती कमी होते.

एवढे सगळे एका दिवसात आटोपते. गोंधळ लांबतो तो वैमानिक आणि कर्मचाऱ्यांमुळे, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून ५० माणसे दगावली. त्यानंतर वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि जानेवारी २०१४ पासून कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले. कामावर येण्यापूर्वी किमान १० तासांची विश्रांती हवीच. वादळात अडकून ज्याचे तास संपले तो वैमानिक समोर विमान तयार असूनही चढू शकत नाही, आणि त्याच्या जागी यायचा तो दुसऱ्याच शहरात अडकलेला असतो. कोल्हापूरहून यायची एसटीच आली नाही, तर स्वारगेटला ऊन असून काय उपयोग, तसा हा प्रकार आहे.

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचे २०१८ चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गुरुवारी, ४ जानेवारीला वादळामुळे विमानतळ बंद झाला आणि शुक्रवारी उघडला. सर्वात वाईट प्रसंग मात्र त्यानंतरच्या शनिवार-रविवारी आला. जगभर अडवून धरलेली विमाने एकदम येऊन थडकली, त्यांना लावायला गेट उरली नाहीत, उतरलेले प्रवासी तासन्‌तास विमानातच बसून राहिले, बॅगांचे ढीग लागले. रविवारी टर्मिनल ४ मध्ये पाण्याचा नळ फुटून त्या ढिगांत पाणी शिरले. त्याहून मोठा घोळ झाला डिसेंबर २०२२ मध्ये. नाताळाच्या तोंडावरच्या वादळाने बफेलो गाडून टाकले. इतर कंपन्या नाताळानंतर सावरत असताना साउथवेस्टची व्यवस्था मात्र कोसळतच गेली, कारण कोणता कर्मचारी कुठे आहे याचा मेळच संगणकाला लावता येईना. सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली, २० लाखांहून अधिक प्रवासी अडकले, आणि वर्षभराने अमेरिकेच्या वाहतूक खात्याने कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. सुरुवात हवामानाने केली, पुढचे कंपनीचे. सरकारही हा फरक मानते. उशिरांची नोंद ठेवताना वाहतूक खात्याचे सांख्यिकी कार्यालय अतिविषम हवामान, कंपनीची कारणे आणि मागचे विमान उशिरा येणे यांचे वेगवेगळे रकाने करते. काउंटरवर मात्र एकच रकाना असतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी याचा प्रत्यय एका जानेवारीत आला. आई पुण्याला परत निघाली होती. कोलंबसहून शिकागो, तिथून युरोपातला एक विमानतळ, मग मुंबई. सगळे टप्पे एका तिकिटावर होते, शिकागोत वेळ भरपूर होता, व्हीलचेअर आधीच नोंदवली होती, गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या. म्हणजे जे जे करा म्हणून सांगितले जाते ते सगळे केले होते. वादळ आदल्या दिवशीच सरून गेले होते. विमान अर्ध्या तासाने पुढे ढकलले, मग पुन्हा अर्ध्या तासाने, मग तासाने. व्हीलचेअर ढकलणारा माणूस आईला गेटजवळ बसवून निघून गेला तो गेलाच. तिचा फोन आला: “अरे, बाहेर तर लख्ख ऊन पडलंय. मग विमान अडलंय कशानं?”

सगळ्या प्रकरणात नेमका प्रश्न विचारणारी ती एकटी होती. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये येणारे विमान कुठे आहे ते पाहिले, तर ते फ्लोरिडात वेळेवर उतरून उभे होते. तिथे ना बर्फ ना वारा. त्याखाली ओळ होती: कर्मचाऱ्यांच्या प्रतीक्षेत. थोड्या वेळाने उड्डाण रद्द झाले आणि ती ओळ जाऊन तिथे ‘हवामान’ आले. धावतपळत विमानतळावर पोचलेल्या मुलाला चेक-इन काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरची नजर न उचलता सांगितले की हवामानामुळे रद्द आहे, हॉटेल मिळणार नाही, जेवणाचे कूपन नाही. आधीच्या ओळीचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर त्या म्हणाल्या की अ‍ॅपवर काय दिसते त्याला आम्ही जबाबदार नाही. अ‍ॅप त्यांच्याच कंपनीचे होते. कॉस्टकोच्या बदामांनी ठासून भरलेल्या दोन्ही बॅगा विमानतळाच्या पोटात कुठेतरी होत्या, त्या आज मिळणार नाहीत असेही कळले. चहासुद्धा न घेता सत्तरी ओलांडलेली बाई गेटपाशी बसली आहे, हे त्या बाईंना सांगून झाले. त्यावर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

रद्द होण्याचे खरे कारण कळायला हवे ते एवढ्यासाठी की पुढचा हक्क त्यावर ठरतो. कंपनीच्या हातातल्या कारणाने उड्डाण रद्द झाले, तर जेवण आणि रात्रभर अडकल्यास हॉटेल देण्याचे लेखी आश्वासन अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी दिलेले आहे. कोणती कंपनी काय देते याचा तक्ता वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. हवामानाचे कारण लागले की यातले बहुतेक सगळे बाद. म्हणून उशीर सुरू होताच अ‍ॅपवरची प्रत्येक सूचना वेळेसह टिपून ठेवावी. येणारे विमान कुठे आहे हे फ्लाइटअवेअरसारख्या संकेतस्थळावरही दिसते, आणि कोणत्या विमानतळावर विमाने रोखली आहेत हे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्वतःच जाहीर करते. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या बर्फापेक्षा या दोन गोष्टी जास्त खऱ्या.

वादळाचा अंदाज पक्का होताच, बहुधा एक-दोन दिवस आधी, कंपन्या ठरावीक शहरांसाठी फुकट तारीख बदलून देतात. ही सवलत घ्यावी, आणि घेताना वादळाच्या दुसऱ्या दिवशीचे तिकीट न घेता जमल्यास आधीचे घ्यावे. नाहीच जमले तर चांगले दोन-तीन दिवस पुढचे. पहाटेचे पहिले विमान सहसा रात्रीच येऊन उभे असते, त्यामुळे ते त्यातल्या त्यात भरवशाचे. दिल्लीमार्गे जाणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत तिथले धुके ही दुसरी डोकेदुखी असते.

पहिला टप्पा रद्द झाला की मुले सहज म्हणतात, चला, गाडीने शिकागोला सोडतो. कोलंबसहून साडेपाच-सहा तासांचा रस्ता, अशक्य काहीच नाही. पण कंपनीला न सांगता पहिला टप्पा सोडला, तर प्रवासी आलाच नाही असे धरून पुढचे सगळे तिकीट आपोआप रद्द होते. आधी फोनवरून तिकीट शिकागोपासून नव्याने काढून घ्यावे, ते ईमेलवर आलेले डोळ्यांनी पाहावे, आणि मगच गाडीची किल्ली उचलावी. फोन लागत नसेल तर कंपनीच्या भारतातल्या किंवा सिंगापूरच्या क्रमांकावर करावा. तिकडे रात्र असली तर रांग छोटी असते. देशांतर्गत टप्पा वेगळ्या स्वस्त तिकिटावर काढण्याचा मोह हिवाळ्यात तरी टाळावा. तो चुकला तर पुढची कंपनी हात वर करते आणि त्यात तिची चूक म्हणता येत नाही.

युरोपात अडकण्याचा विचार कुणी करत नाही. अमेरिकेचा व्हिसा असल्याने तिथे विमान बदलता आले, तरी शेंगेन व्हिसा नसलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जाता येईलच असे नाही. रात्र खुर्चीवर काढावी लागू शकते. साठी-सत्तरीच्या माणसासाठी हिवाळ्यात थेट विमान महाग पडले तरी परवडते.

आय-९४ वरची तारीख ही आणखी गंभीर बाब. अमेरिकेत येताना पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. नेमकी तारीख आय-९४ च्या नोंदीत असते, व्हिसाच्या स्टिकरवर नव्हे. ‘पूर्ण सहा महिने राहून घे गं’ म्हणत परतीचे तिकीट शेवटच्या दिवसाचे काढणारी घरे कमी नाहीत, आणि ती तारीख जानेवारी-फेब्रुवारीत आली तर हा जुगार आहे. मुदत उलटून एक दिवस जरी गेला तरी तो व्हिसा कायद्याने बाद होऊ शकतो. वादळाचे कारण पुढे ऐकून घेतले जाईल या भरवशावर राहू नये. दोन आठवडे तरी हातात ठेवावेत. वेळ आलीच तर मुदतवाढीचा आय-५३९ हा अर्ज तारीख उलटण्यापूर्वी दाखल करावा आणि रद्द झालेल्या उड्डाणाचे कागद जपून ठेवावेत.

हातातल्या पिशवीत आठवड्याच्या गोळ्या, चष्मा, चार्जर, शाल आणि खायला काहीतरी असावे, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे वयस्कर प्रवाशाला गेटपर्यंत सोडायला घरच्या एका माणसाला अनेक कंपन्या पास देतात. चेक-इनच्या वेळी ओळखपत्र दाखवून मागावा लागतो, आपणहून कुणी देत नाही. व्हीलचेअर ही सुरक्षा तपासणी आणि लांबच्या लांब चालणे यांपुरतीच सोय आहे. तो माणूस आईजवळ थांबत नाही. आईच्या मोबाइलवर अमेरिकेतला क्रमांक पुण्याला पोचेपर्यंत चालू ठेवावा, आणि पुण्याहून मुंबईला आणायला येणाऱ्या गाडीवाल्याला नवी वेळ मुलांनीच कळवावी, तिच्यावर सोडू नये.

विमानात बसवून धावपट्टीवरच रखडवण्यालाही मर्यादा आहे. २०१० पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत विमानात तीन तासांनी, आणि पुढच्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय विमानात चार तासांनी, सुरक्षेची अडचण नसल्यास प्रवाशांना उतरू द्यावेच लागते. दोन तासांच्या आत खाणे-पाणी द्यावे लागते. उड्डाण रद्द झाले आणि बदली विमान प्रवाशाने नाकारले, तर कारण हवामान असो की आणखी काही, न वापरलेल्या भागाचे पैसे परत मिळतात. देशांतर्गत तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तासांहून जास्त उशीर झाला तरी तेच. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून हे पैसे कार्डावर सात कामकाजाच्या दिवसांत आपोआप जमा करणे बंधनकारक आहे. व्हाउचर पुढे करतील, ते घेऊ नये.

हॉटेल-जेवणाचा खर्च नाकारला गेल्यास कंपनीला लेखी तक्रार करून तिची प्रत वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर दाखल करावी. तक्रार मिळाल्याचे ३० दिवसांत आणि नेमके उत्तर ६० दिवसांत देणे कंपनीला भाग असते. प्रस्तुत लेखकाच्या तक्रारीला कंपनीने मुदत जवळजवळ संपवूनच उत्तर दिले. हवामानाचेच कारण पुन्हा लिहिले, त्या स्क्रीनशॉटबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि हॉटेलच्या बिलाची पूर्ण रक्कम ‘सदिच्छा म्हणून’ पाठवून दिली.